अडेनियम: अकरा महिने आणि मुळांतला तो गोळा

अडेनियम म्हणजे फुगीर बुंध्याचं फुलझाड. त्याला पाणी कमी आणि ऊन भरपूर लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते मुळांभोवतीच्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्याबद्दल. त्यानेच माझं झाड जवळजवळ घालवलं.

दुहेरी पाकळ्यांचं गुलाबी कलम आणलं होतं. पहिले पाच महिने तक्रारीला जागाच नव्हती. गच्चीच्या ज्या कठड्यावर दुसरं काहीच तग धरत नाही, तिथे हे दिवसभर तापायचं आणि फुलायचं. आठवडाभर घर बंद होतं, तरी एक पान मलूल झालं नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग थंडी पडली आणि पानं पिवळी होऊन गळायला लागली. तहानलंय असं वाटून मी पाणी वाढवलं. ही चूक माझी. आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या मुलखातलं हे झाड गारठ्यात पानं टाकून विसावतं, तेव्हा त्याला पाणी जवळजवळ नकोच असतं. एक दिवस बुंधा अंगठ्याने दाबला, तर एका बाजूने आतच गेला. उपटून पाहिलं. मी घातलेली वाळू आणि विटांचा चुरा कोरडा ठणठणीत, आणि मधोमध जाळीत बांधलेला मुठीएवढा गोळा. पिळला तर पाणी गळलं.

रोप लहान असताना नर्सरीवाले कोकोपीट वापरतात ते समजू शकते, ओल टिकते. पण विकताना 'कुंडीत लावण्याआधी हे सोडवा' एवढं सांगायला काय हरकत होती? जाऊन विचारलं तर "पाणी जास्त झालं असेल" म्हणाले. अजून राग जात नाही.

नवं घ्यायचं नाही हे ठरलेलं होतं. हातमोजे घातले, कारण चीक विषारी. कण्हेरीच्याच कुळातलं झाड, आफ्रिकेत शिकारी हा चीक बाणांना लावत. पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापत गेले. बुंध्याचा तिसरा हिस्सा गेला. बुरशीनाशक लावून दहा दिवस सावलीत उघडंच टांगलं. ना माती, ना पाणी, तरी फांद्या हिरव्याच. बुंध्यात केवढा साठा असतो, ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. माझं मत तिथे पुन्हा फिरलं.

ऊन वाढल्यावर पालवी आली. कलमाच्या खालून एक कोंब फुटला होता, तो खुडला. तो वाढला असता तर ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या खुंटाचीच फुलं आली असती. मागच्या आठवड्यात तीन कळ्या दिसल्या.

तुमच्याकडे नवं रोप असेल तर ऊबदार दिवसांत, झाड वाढीला लागलेलं असताना गोळा सोडवा, थंडीत नको. माझ्या झाडाची खाच मी दाराकडे वळवून ठेवली आहे. जाता-येता अंगठ्याने दाबून बघते. घट्ट लागते.