यूव्ही फिल्मच्या नावाखाली नुसती काळी काच

"९९ टक्के यूव्ही अडवते, लाकडाचा रंग जन्मात उडणार नाही" असं सांगून एका विक्रेत्याने आमच्या खिडक्यांना गडद फिल्म चिकटवली. पुढच्या उन्हाळ्यात अक्रोडाच्या कपाटावरची फोटोफ्रेम हलवली, तर खाली गडद चौकोन आणि भोवतीचं सगळं लाकूड फिकं, पिवळट.

विकताना त्याने तापणारा दिवा आणला होता. साध्या काचेमागे हात धरला की चटका, फिल्मवाल्या काचेमागे काहीच नाही. बघणारा तिथेच गार! पण तो चटका इन्फ्रारेडचा, म्हणजे उष्णता देणाऱ्या किरणांचा. लाकडाचा खरा शत्रू अतिनील किरण, म्हणजेच यूव्ही, आणि त्यांची परीक्षा त्या खेळात झालीच नाही. साधी काच ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे बरेचसे अतिनील किरण आत सोडते. लाकडाचे तंतू घट्ट धरून ठेवणारं लिग्निन ते शोषतं, तुटतं आणि रंग बदलतो. चेरी काळवंडतं, अक्रोड फिकं पडतं. फिल्म किती काळी दिसते याचा अतिनील अडवण्याशी काही संबंध नाही. चांगली फिल्म जवळजवळ पारदर्शकही असते.

संशय आला म्हणून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणला. डिटर्जंटमध्ये धुतलेलं पांढरं कापड अंधारात त्याच्या उजेडात निळसर चमकतं. मध्ये आमच्या फिल्मचा उरलेला तुकडा धरला, कापड तसंच चमकत राहिलं. मग विक्रेत्याने मागे ठेवलेला नमुन्याचा तुकडा धरला, आणि चमक गेली. नमुना एक, माल दुसरा.

वॉरंटी कार्ड काढलं, तर त्यात फुगे येणं आणि फिल्म सुटणं एवढंच. रंग उडण्याबद्दल अवाक्षर नाही. फोनवर उत्तर मिळालं, "लाकूड आहे, रंग बदलणारच." यातला संताप आणणारा भाग म्हणजे हे अर्धं खरं आहे. अस्सल फिल्मही रंग बदलणं लांबवते, थांबवत नाही, कारण दिसणाऱ्या प्रकाशातला जांभळा-निळा भागही लाकडाला सोडत नाही. पण हे पैसे घेण्याआधी सांगायचं असतं ना!

फिल्म लावायला माणसं आली की काम सुरू होण्याआधी रोलवरच्या लेबलचा फोटो काढा. त्याच रोलचा तुकडा कापून घ्या आणि टॉर्चसमोर धरा. उत्पादनाचं नाव आणि अतिनील अडवण्याचा आकडा बिलावर लिहून घ्या. तोंडी "जन्मात" म्हणणाऱ्याला तेच बिलावर लिहायला सांगा, मग त्याचा चेहरा बघा.