पांढरा खोडरबर आणि पुट्टी रबर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मी पेन्सिलीने व्यक्तिचित्रं काढते. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तीन रबर आलटूनपालटून वापरले: पुठ्ठ्याच्या वेष्टनातला पांढरा ‘डस्ट-फ्री’, कणकेसारखं मळता येणारं राखाडी पुट्टी रबर आणि पेन्सिलीच्या शेंड्यावरचं गुलाबी रबर. कागद कार्ट्रिज (चित्रकलेचा जाडसर कागद), पेन्सिली एचबीपासून मऊ, गडद 6बीपर्यंत.

पांढरा बहुतेक वेळा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा असतो. पेन्सिलीची रेघ म्हणजे कागदाच्या तंतूंवर अडकलेले ग्राफाइटचे कण. शाईसारखे ते आत मुरत नाहीत. घासलं की हे कण कागद सोडून रबराला चिकटतात, रबराचा काळा झालेला थर वळ्या होऊन गळतो आणि खालून स्वच्छ थर वर येतो. त्यामुळे भुसा पडतो ही तक्रार मला पटत नाही. भुसा पडायचा थांबला तर तेच काळं रबर पुन्हा कागदावर फासलं जाईल. ‘डस्ट-फ्री’चाही भुसा पडतोच, तो एकमेकांना चिकटून लांबट येतो एवढंच. तो मऊ ब्रशने झाडावा. तळहाताने झटकलं तर हाताचं तेल कागदाला लागतं आणि नंतर नेमकी तिथेच शेडिंग डागाळते.

वेष्टन काढून टाकू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर येतो आणि शेजारच्या प्लॅस्टिकला मऊ करतो. कंपासपेटीतल्या पट्टीला रबर चिकटून बसतं ते यामुळेच.

पण मी खरी प्रेमात पडले ती पुट्टी रबराच्या. ते घासायचंच नाही. दाबायचं आणि उचलायचं. गालावरची छटा जरा गडद झाली तर दोन-तीनदा टेकवून हवी तेवढीच फिकी करता येते. चिमटीत ओढून टोक काढलं की डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका किंवा केसांमधली एखादी उजळ बट थेट गडद शेडमधून उचलता येते. भुसा नाही, कागदाला इजा नाही. 1770 च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड नेर्नने रबराचे तुकडे विकायला काढले, त्याआधी चित्रकार पावाचा मऊ गर मळून वापरत, तो असाच. पुट्टी झिजत नाही, ग्राफाइट पोटात घेत राहते; म्हणून ती सारखी ताणून, मळून आतला स्वच्छ भाग वर आणावा लागतो. पूर्ण काळी आणि तुळतुळीत झाली की बदलायची. मे महिन्यात माझी फारच लिबलिबीत झाली होती, तेव्हा टोक टिकेना. आणि दाबून ओढलेली एचबीची रेघ ती पूर्ण काढत नाही. ते काम पांढऱ्याचंच.

6बीचा गडद भाग खोडायचा असेल तर आधी पुट्टीने सुटे कण उचला, मग पांढरा फिरवा. थेट पांढरा घासला तर सगळं फासतं. बोटाने घोटलेली शेड तंतूंमध्ये घुसलेली असते, ती कशानेच पूर्ण जात नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि जरा जोर लावला की वरचे तंतू उठतात, म्हणून त्या दिवसांत पांढराही हलक्या हातानेच.

गुलाबी शेंडा चित्रासाठी नकोच. तो खरखरीत असतो, आणि जुना झाला की कडक होऊन कागद खरवडतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांना कर्तव्यभूमितीसाठी चांगला पांढरा पुरेसा आहे. फक्त कडक शिशाची एच पेन्सिल दाबून धरू नये: ग्राफाइट निघून जातं, पण कागदात पडलेली खाच तशीच राहते. शेडिंग गंभीरपणे करणाऱ्याने पुट्टी घ्यावीच, आणि ती झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावी. उघडी राहिली की धूळ आणि केस चिकटतात.