गाडी कोणाची विचारलं तर मामाची सांगा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेतू चालवतो. पाटीवर 'आपले सरकार सेवा केंद्र' असं लिहिलंय, पण सगळे सेतूच म्हणतात. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, कोणाच्या पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी बजावतो की कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं अशा माणसानं स्वतःच्या हातानं केलेलं आहे.

गोष्ट डिसेंबर 2024 ची. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, तरी दिवाळीनंतर माल विकून टाकला. आईचं शेगाव तीन वर्षांपासून राहिलं होतं आणि पोरांना चिखलदरा पाहायचा होता. शनिवार, रविवार, सोमवार असा बेत ठरला. आई, आम्ही दोघं, दोन पोरं, साळा आणि त्याची बायको मिळून सात माणसं. म्हणजे अर्टिगा.

आमच्या गावात एकाची पिवळ्या पाटीची अर्टिगा आहे. त्यानं सांगितलं, किलोमीटरला 14 रुपये, रोजचं मिनिमम 300 किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला 500, टोल-पार्किंग वेगळं. तीन दिवसांचे 900 किलोमीटर धरले की 12,600 आणि भत्त्याचे 1,500, एकूण 14,100. मी मोबाईलवर रस्ता पाहिला. कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव. तिथून अकोट, अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा. परत येताना अमरावती, नेर. आतलं फिरणं धरूनही साडेपाचशेच्या वर जात नव्हतं. मग उरलेल्या साडेतीनशे किलोमीटरचे पैसे कायले द्यायचे? मी कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, गाडी तीन दिवस तुमच्यापाशी राहीन ना, ते दिवस कोन भरून देईन?" तेव्हा मला हे बोलणं आडमुठेपणाचं वाटलं.

त्याच रात्री साळ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर पाठवलं. सेल्फ ड्राइव्ह, सात सीटर, दिवसाला 2,200, अनलिमिटेड किलोमीटर. पत्ता आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या एका गावाचा. तीन दिवसांचे 6,600 आणि पेट्रोलचे चार हजार धरले तरी साडेतीन हजार वाचत होते. मला गाडी चालवता येते. फोन केला तर माणूस तोंडाचा इतका गोड की काय सांगू. "भाऊ, तुम्ही फॅमिलीवाले, तुमच्यासाठी 2023 ची गाडी ठेवतो." एक हजार अ‍ॅडव्हान्स ऑनलाइन टाकला. पैसे गेले ते नाव दुकानाचंही नव्हतं आणि बोलणाऱ्याचंही नव्हतं. ते मी पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

गाडी शनिवारी सकाळी घ्यायची होती. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन, "सकाळी ऑफिस उशिरा उघडते भाऊ, आज संध्याकाळीच घेऊन जा. रात्रीचे पैसे लावणार नाही." मला वाटलं, वा, आणखी फायदा. मोटरसायकलनं गेलो तेव्हा सात वाजले होते.

ऑफिस म्हणजे बसस्टँडच्या मागे एक शटर. 2023 ची गाडी 'अर्जंट नागपूरला' गेली होती, त्याऐवजी जुनी उभी केलेली. पाटी पांढरी. भाड्यानं द्यायच्या गाडीची पाटी पिवळी आणि त्यावर अक्षरं काळी, आणि ड्रायव्हरशिवाय चालवायला द्यायची असेल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी, हे मला ठाऊक होतं. 1989 ची रेंट-अ-कॅब योजना आहे, तिच्या परवान्याला किमान पन्नास गाड्या लागतात. तिथे शटरपुढे तीन उभ्या होत्या. पण घरी बॅगा भरून तयार, आईनं लाडू बांधलेले. अशा वेळी माणूस नियम आठवत नाही, सबब आठवतो. सगळेच चालवतात, असं म्हटलं आणि पुढे झालो.

गाडीवर धूळ इतकी की बोटानं नाव लिहावं. मी धुवायला सांगितलं तर म्हणाला, "रस्त्यानं पुन्हा भरतेच ना भाऊ." अंधारात मी मोबाईलच्या फ्लॅशनं समोरून चार फोटो काढले. बाजूंचे आणि मागचे काढलेच नाहीत, कारण तो घाई करत होता, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून. ही धूळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग कागद. डिपॉझिट रोख 5,000. आधारची झेरॉक्स. माझी मोटरसायकल आरसीसकट त्यांच्याकडे ठेवायची. वर एक सही केलेला कोरा चेक, "फॉर्मॅलिटी आहे, परत येता तेव्हा तुमच्यासमोर फाडतो." करारनामा शंभरच्या स्टॅम्पवर, तारखेची जागा मोकळी. ऑक्टोबरपासून करारनाम्याला शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो, हे मी दोन महिने रोज लोकांना सांगत होतो. म्हणजे तो कागद जुना काढून ठेवलेला किंवा बिनकामाचा. मी त्यावर सही केली. चेकवरही केली.

निघताना त्यानं काचेतून डोकं आत घातलं. "रस्त्यात पोलिसांनी विचारलं, गाडी कोणाची, तर मामाची सांगा."

घरी आल्यावर पोरांना तसं शिकवून ठेवलं. आई ऐकत होती. "काऊन रे, हा मामा कोनता? माह्या भावायपाशी त सायकली हायेत."

शेगाव छान झालं. दर्शन, प्रसाद, स्टेशनजवळची कचोरी, आई दिवसभर खूश. रविवारी संत्र्याच्या बागांतून परतवाडा केला आणि दुपारपर्यंत घाट चढून चिखलदऱ्याला पोचलो. भीमकुंड, गाविलगडच्या किल्ल्याकडची एक चक्कर, संध्याकाळी पोरांनी कॉफी मागितली. त्या दीड दिवसाबद्दल मला काही तक्रार नाही.

रात्री नऊला फोन आला. "भाऊ, तुमचे तीन दिवस आज बारा वाजता संपतात." मी म्हटलं, कसे? शनिवार, रविवार, सोमवार. तो म्हणाला, "नाही ना. शुक्रवार, शनिवार, रविवार." शुक्रवारी सात वाजता गाडी घेतली तो एक पूर्ण दिवस. रात्रीचे पैसे लावणार नाही म्हणाला होतास, याची आठवण दिली तर, "अ‍ॅग्रीमेंट वाचा." अ‍ॅग्रीमेंटमध्ये खरंच बारीक अक्षरात कॅलेंडर दिवस असं लिहिलेलं होतं. जादा दिवसाचे 2,500 आत्ता टाका म्हणाला. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी गाडी आणून देतो, तिथे बोलू. आवाज चढवून फोन ठेवला आणि बायकोसमोर जरा ऐटीत झोपलो.

सोमवारी सकाळी गाडी सुरू होईना. सेल्फ मारला की घरघर व्हायचं, इंजिन पकडायचं नाही. थंडी कडक. आई शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसलेली, पोरं काचेवर वाफ सोडून चित्रं काढत होती. मला वाटलं थंडीनं असेल. लॉजवाल्यानं एक मिस्त्री बोलावला. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरी पाहिली, मग स्टिअरिंगखाली आडवा होऊन आत हात घातला आणि दोन वायरी लोंबणारी काळी डबी बाहेर ओढली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, बाजूला एक लहानसं रिले. "भाऊ, जीपीएस हाये हे. मालकानं मोबाईलवरून पेट्रोल पंपाची लाईन बंद केली. गाडी किरायाची हाये का?"

मी म्हटलं, मामाची आहे.

तो हसला. वायर जोडून गाडी चालू करून देतो म्हणाला, दोनशे रुपयांत. पण मग शटरवाला म्हणणार, गाडीशी छेडछाड केली, चोरायला निघाला होता. आणि माझी मोटरसायकल व कोरा चेक त्याच्याकडे. शेवटी 2,500 टाकायचं ठरवलं तर रेंज नाही. एक काडी यायची, पैसे टाकले की गोल चाक फिरत राहायचं. साळा आणि मी मोबाईल वर धरून रस्त्यानं फिरत होतो, जाणारे-येणारे पाहत होते. पावणेअकराला पैसे गेले. पाच मिनिटांत गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

घाट उतरून परतवाड्यात चहाला थांबलो तेव्हा मी पहिल्यांदा एमपरिवहन अ‍ॅपवर त्या गाडीचा नंबर टाकला. दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर मी त्यात रोज टाकतो, दहा सेकंदांचं काम. वाहनाचा प्रकार, खासगी मोटार. विमा, ऑगस्टमध्ये संपलेला. आईला आणि पोरांना घेऊन मी विनाविम्याच्या गाडीत तो घाट चढलो आणि उतरलो होतो. विमा चालू असता तरी खासगी गाडी भाड्यानं फिरवताना अपघात झाला तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. परमिटशिवाय भाडं मारल्याचा दंड दहा हजारांपर्यंत आहे, तो वेगळाच. चहा तसाच राहिला. पुढचा सगळा रस्ता साठच्या वर गाडी नेली नाही.

संध्याकाळी सगळ्यांना घरी उतरवून मी एकटाच गाडी परत द्यायला गेलो. इथे खरा धंदा कळला. त्यानं किल्ली घेतली आणि काही न बोलता पोराला हाक मारली. पोरानं पाण्याचा पाइप लावून गाडी धुवायला घेतली. तीन दिवसांपूर्वी ज्याला धुवायला वेळ नव्हता, त्यानं चाकांच्या आतूनसुद्धा धूळ काढली. फडक्यानं पुसली. मग हॅलोजन लावला आणि दोघं वाकून पाहायला लागले. डाव्या मागच्या दारावर लांब ओरखडा, बंपरच्या कोपऱ्याला चीर. चिरेच्या आत जुनी काळी घाण बसलेली, पाण्यानंही न निघालेली. मी ती बोटानं दाखवली. तो म्हणाला, "फोटो दाखवा ना भाऊ मग, घेतानाचा." माझ्याकडे फोटो होते, चारही समोरचे.

वर एक ई-चलन काढलं, गाडीनं अकोल्याला सिग्नल तोडला म्हणून. त्यावरची तारीख ऑक्टोबरची होती. ती दाखवल्यावर त्यानं मोबाईल खिशात घातला, चूक झाली वगैरे काही नाही.

डेंटिंग-पेंटिंगचे 12,000 मागितले. तासभर हुज्जत झाली. तोवर आणखी दोघं येऊन शटरच्या पायरीवर बसले, काही बोलत नव्हते, फक्त बसले होते. डिपॉझिटचे 5,000 गेले आणि वरून 4,000 दिले तेव्हा मोटरसायकलची किल्ली हातात पडली. चेक मात्र 'मालकाच्या घरी कपाटात' होता. तो आजपर्यंत फाटलेला नाही.

हिशोब सांगतो. भाडं 6,600, जादा दिवस 2,500, डिपॉझिट 5,000, वरून 4,000, पेट्रोल 4,200. एकूण 22,300. गावच्या गाडीवाल्याचे 14,100 होते, पेट्रोल आणि ड्रायव्हरसकट.

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच चेकबुकच्या स्थळप्रतीवरून नंबर काढून स्टॉप पेमेंट केलं, म्हणजे त्या चेकवर पैसे देऊ नका असं बँकेला लिहून दिलं. कोणी असा चेक देऊन बसला असेल तर आजच जा, उद्यावर ढकलू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. हा पैशाच्या व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी मामला आहे, असं तिथे सांगितलं गेलं. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तो अर्जही मीच टाइप केला. शेकडो लोकांचे अर्ज लिहिले, पण 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव घालताना हात अडखळला. त्या कागदात माझी सगळ्यात लंगडी बाजू म्हणजे फोटो. गाडी घेताना उजेडात, धुतलेली, चारही बाजूंनी, मीटर आणि पेट्रोलचा काटा दिसेल असा चालू व्हिडिओ काढला असता, देणाऱ्या माणसाचा आवाज त्यात आला असता, तर ओरखड्याचे पैसे मागायची त्याची हिंमत झाली नसती.

आणि मोटरसायकल. शुक्रवारी तिथे ठेवली तेव्हा मी सवयीनं मीटर पाहिलं होतं, कारण सर्व्हिसिंग जवळ आलं होतं. सोमवारी रात्री गावाकडे निघालो तर अर्ध्या वाटेत ती रिझर्व्हला आली. पंपावर उतरून मीटर पाहिलं. पंपापर्यंतचे माझे वीस किलोमीटर सोडले तरी आकडा 130 किलोमीटरनं पुढे गेलेला होता. मी चिखलदऱ्याला हात वर करून रेंज शोधत होतो तेव्हा माझी गाडीही कोणाला तरी किरायानं गेली होती, आणि तिचं भाडं कोणी घेतलं ते सांगायला नको.