एफ-ड्रॉइड : स्टोअर चांगलंच आहे, पण खालचे इशारे नीट वाचा

मालवणात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे जुने फोन कायम हाताशी पडलेले असतात आणि गुगल अकाउंट न टाकता एखादा फोन चालू करायचा असला की मी आधी एफ-ड्रॉइड टाकतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१० पासून चालू असलेलं हे अँड्रॉइडचं अॅप स्टोअर, सगळी अॅप्स मुक्त सॉफ्टवेअर, सोर्स म्हणजे मूळ कोड उघडा, आणि बहुतेक अॅप्स ते लोक स्वतःच्या सर्व्हरवर सोर्सपासून बनवून देतात. लॉगिन नाही, पैसे नाहीत. हे सगळे रिव्ह्यूवाले सांगतात. मला लिहायचंय ते अॅपच्या माहितीत खाली 'अँटी-फीचर' म्हणून जे इशारे दिसतात त्याबद्दल, कारण गिऱ्हाईक नेमकं तिथेच घाबरतं.

परवा देवबागचे एक काका आले, स्वतःची होडी आहे त्यांची. फोनमध्ये टेलिग्राम हवं होतं, मी टेलिग्राम फॉस, म्हणजे त्याची मुक्त आवृत्ती, शोधून दिलं तर खालचा इशारा बघून म्हणाले, "रे झिला, ह्या काय लिवल्यानी हा? व्हायरस तर नाय मां?" म्हटलं नाही काका, अॅपचा कोड सगळा उघडा आहे, पण मेसेज ज्या सर्व्हरवरून जातात तो सर्व्हर कंपनीचा आणि बंद, म्हणजे त्याचा कोड उघडा नाही, तेवढंच सांगितलंय. काका लगेच, "म्हंजे होडी आपली आणि डिझेल दुसऱ्याचा." यापेक्षा सोपं मला तरी सांगता आलं नसतं.

तर हा झाला 'नॉन-फ्री नेट'. याशिवाय अजून आहेत. 'नॉन-फ्री डिपेंडन्सी' म्हणजे अॅप चालायला दुसरं एखादं बंद अॅप लागतं. 'नॉन-फ्री अॅसेट्स' म्हणजे कोड मुक्त पण चित्रं, आवाज वगैरे नाहीत, जसं ऑसमअँड, त्याच्या आर्टवर्कचं लायसन्स व्यापारी वापराला परवानगी देत नाही म्हणून इशारा. आता मला सांगा, रेंज नसलेल्या घाटात ऑफलाइन नकाशा दाखवणाऱ्या अॅपच्या आयकॉनचं लायसन्स काय आहे याने गाडी चालवणाऱ्याला काय फरक पडतो? पण लिहिलंय ते बरंच केलंय, ज्याला त्याची चित्रं घेऊन काही बनवायचंय त्याला फरक पडतो. आणि 'टेदर्ड नेट' म्हणजे सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त असेल, पण अॅपमध्ये एकच पत्ता पक्का ठोकलाय, बदलता येत नाही. हा मला सगळ्यात हुशारीचा वाटला, कारण मुक्त मुक्त म्हणत खुंटीला बांधून ठेवणारे पुष्कळ असतात.

माझी तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. 'नॉन-फ्री नेट' हा इशारा बंद सर्व्हिसवर पूर्ण अवलंबून असलेल्या अॅपलाही लागतो आणि अशा सर्व्हिसचा नुसता प्रचार करणाऱ्यालाही, व्याख्येतच दोन्ही आहेत. अरे पण ह्या दोन गोष्टी एक कशा? न्यूपाइप यूट्यूबवर उभं आहे, उद्या यूट्यूबने साइटची रचना बदलली की व्हिडिओ लागत नाहीत, नवीन अपडेट येईपर्यंत बसा. आणि दुसरं एखादं अॅप, जे बंद सर्व्हिस नसली तरी मजेत चालतं, फक्त ती वापरायचा पर्याय पुढे करतं, त्यालाही तीच चिठ्ठी. इशाऱ्याखाली कारणाची एक ओळ असली तर समजतं, नसली तर आपण अंदाज करायचा. दोन वेगळे इशारे केले असते तर काय बिघडलं असतं.

याउलट डेबियन बघा, विंडोजच्या जागी चालणारी मुक्त लिनक्स सिस्टीम, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तीच आहे. तिथे इशारे नाहीत, सरळ वेगळी खोली. मुक्त सॉफ्टवेअर 'मेन'मध्ये, आणि स्वतः मुक्त असून चालायला किंवा बनवायला बंद वस्तू लागत असेल तर 'कॉन्ट्रिब'मध्ये. व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) तिथे जाऊन बसलंय ते अशाच कारणाने, त्यातला बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणारा भाग बनवायला जो कंपायलर (कोडपासून प्रोग्राम बनवणारं साधन) लागतो तो डेबियनच्या नियमात मुक्त धरत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे फाँट उतरवून देणारं पॅकेजही कॉन्ट्रिबमध्ये, स्वतःचा कोड मुक्त पण आणून काय देतंय बघा. एवढे काटेकोर लोक, पण नेटवर्कच्या सर्व्हिसचा हिशोबच धरत नाहीत. टेलिग्राम डेस्कटॉप तिथे सरळ मेनमध्ये! एचपीचे प्रिंटर चालवणारं एचपीलिप पण मेनमध्ये, पण एचपीच्या काही लेझर प्रिंटरना कंपनीचा बंद प्लगिन वेगळा उतरवल्याशिवाय छापता येत नाही, ते तुम्हाला प्रिंटर जोडल्यावर कळतं. म्हणजे नुसत्या खोलीच्या नावावरून सगळं कळतं असं नाही. त्या मानाने एफ-ड्रॉइडची पद्धत मला जास्त कामाची वाटते, बाहेर काढत नाहीत पण झाकतही नाहीत.

हवामानाचं उदाहरण देतो, इथे तेच सगळ्यात जास्त विचारतात. ब्रीझी वेदर म्हणून अॅप आहे, त्याची एफ-ड्रॉइडवर 'फ्रीनेट' आवृत्ती मिळते, बंद सर्व्हिसवाले हवामानाचे स्रोत वगळलेली, ओपन-मेटिओसारखे मुक्त स्रोत ठेवलेली. म्हणजे इशाऱ्याच्या धाकाने बनवणाऱ्याने वेगळी आवृत्ती काढली असा माझा अंदाज, पण असो, झालं ते बरं झालं. अर्थात होडी घेऊन बाहेर पडणाऱ्याने हवामान खात्याचा इशारा आधी बघायचा, अॅप नंतर.

बाकी तोटे. अपडेट उशिरा येतात, कारण बनवायला वेळ लागतो. पहिल्यांदा उघडल्यावर यादी उतरायला वेळ जातो, पावसात रेंज नसली तर चहा मागवा. आणि यूपीआयची नेहमीची अॅप्स तिथे मिळणार नाहीत, त्यामुळे बाजारात मासे घ्यायला एक नेहमीचा गुगलवाला फोन वेगळा ठेवावाच लागतो, नाहीतर रोख काढा.

पाचात चार स्टार. टाकल्यावर एक काम करा, सेटिंगमध्ये अँटी-फीचरवाली अॅप्स दाखवायची की नाही ते निवडता येतं, तिथे सगळं बंद करू नका. नॉन-फ्री अॅसेट्स आणि नॉन-फ्री नेट चालू ठेवा, नाहीतर ऑसमअँड आणि न्यूपाइप शोधत बसाल आणि मग मला फोन कराल की सापडत नाही म्हणून.