सुपरचार्जरवाली गाडी रडत होती, चिपळूणात दुखणं सापडलं

माझी जुनी १८०० सीसी सुपरचार्जरवाली (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा, बेल्टवर फिरणारा पंप असलेली) सेडान, आयडलला थरथरायची आणि परशुराम घाटात तर दम लागल्यासारखी, पाय दाबला तरी नुसता आवाज, ओढ काही नाही. आधी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने प्लग, कॉइल बदलून बिल लावलं, फरक शून्य. मग बहादूरशेख नाक्याजवळच्या या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांनी पाना उचललाच नाही, आधी स्कॅनर लावला. पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आयडलला फ्युएल ट्रिम (ते भरून काढायला कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा) +२२, आणि २५०० आरपीएमला नेली की +६. "बघ, रेस केल्यावर उतरतंय ना, म्हणजे सेन्सर नाय, कुठनं तरी चोरून हवा जातेय." मग इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत, धूर सोडला, आणि सुपरचार्जरखालच्या ब्रीदर पाइपातून (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा पाइप) धुराची बारीक धार वर आली. हात लावला तर पाइप बिस्किटासारखा तुटला! बेल्टही घासून चकाकत होता, तो घसरला की सुपरचार्जर फिरणार कसा, म्हणून तोही बदलला. एअर फ्लो सेन्सरच्या कनेक्टरला हिरवं चढलेलं, आपली खारी हवा, दुसरं काय.

मी म्हटलं काका, रिमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) पण करून टाका, तर सरळ नाही म्हणाले, आधी ट्रिम जाग्यावर येऊदे. आता +३ आहे, घाट तिसऱ्यावर चढते.

तक्रार एकच, पाइप यायला ९ दिवस लागले आणि काका फोन उचलत नाहीत. बसायला एक टायर आहे, तोही बहुतेक वेळा मांजराने अडवलेला.