बस थांब्यामागची रेन गार्डन : नेरुळमधील एका कामाचा आढावा

नवी मुंबईच्या नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागूनच एनएमएमटीचा (महापालिकेच्या बससेवेचा) थांबा आहे. गच्चीचे आणि पार्किंगच्या आवाराचे पावसाचे पाणी वर्षानुवर्षे मुख्य फाटकातून वाहत फुटपाथवर येत असे आणि फुटपाथचा उतार नेमका थांब्यापाशी उलटा असल्यामुळे तेथेच तुंबत असे. बसची वाट पाहणाऱ्यांना घोटाभर पाण्यात उभे राहावे लागे आणि बस आली की चाकांनी उडवलेले पाणी अंगावर घ्यावे लागे. हे थांबवण्यासाठी सोसायटीने झाडे व मातीच्या मदतीने पावसाचे पाणी अडवण्याची व्यवस्था आखून बांधून देणाऱ्या एका कंपनीला काम दिले. कामावरून आता एक पूर्ण पावसाळा गेला आहे. देखभालीच्या करारावरून त्यांच्याशी आमचा पत्रव्यवहार अद्याप चालू असल्याने कंपनीचे नाव येथे देत नाही. मात्र अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या सोसायट्यांना कामाचा दर्जा कोठे पारखावा हे कळावे, एवढ्यासाठी हा आढावा.

कामात तीन गोष्टी होत्या: कुंपणाच्या आतील पट्टीत सुमारे 40 चौरस मीटरची रेन गार्डन (पावसाचे पाणी थोडा वेळ साठवून गाळणारी झाडांची खोलगट पट्टी), फाटकाच्या उतारावर आडवी जाळीची नाली व तिला जोडलेली गाळकुंडी, आणि पार्किंगच्या एका भागात सच्छिद्र पेव्हर ब्लॉक, म्हणजे फटींतून पाणी खाली जाऊ देणारी फरशी. फुटपाथ महापालिकेचा असल्याने त्याला हात लावायचा नव्हता, आणि अग्निशमन दलाच्या गाडीला लागणारी वाट मोकळी ठेवायची होती. या दोन्ही अटी कंपनीने पहिल्याच भेटीत स्वतःहून विचारल्या, ही जमेची बाजू. आम्ही बोलावलेल्या इतर दोघांनी थेट कुंड्यांचे दर सांगायला सुरुवात केली होती.

नवी मुंबईत असे काम करताना जमीन समजून घेणे हेच अर्धे काम आहे. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाल्यानंतर येथील सखल, खाडीकाठच्या जमिनीवर भराव घालून नोड, म्हणजे शहराचे नियोजित भाग, उभे राहिले, आणि पावसाचे पाणी सांभाळण्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत शिरू नये म्हणून त्यांचे झडपेचे दरवाजे मिटतात, तेवढा वेळ शहराचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की बाहेर जाते. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला, आणि त्यातही तलाव गाळाने भरलेले असले, तर रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांना पाणी सोडायला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेतील पहिला अर्धाच भाग कामाचा ठरतो. वर मुरमाचा भराव, खाली खाडीची चिकणमाती आणि पावसाळ्यात वर आलेली भूजलपातळी, अशा जमिनीत पाणी जिरणार तरी कोठे?

कंपनीने हे गृहीत न धरता तपासून पाहिले, हे मला विशेष आवडले. नियोजित पट्टीत अर्धा मीटर खोल खड्डा खणून त्यात पाणी भरले, ते एकदा जिरू दिले, पुन्हा भरले, आणि खिळ्याने भिंतीवर खुणा करून पातळी किती उतरते ते पाहिले. दुसऱ्या वेळी पाणी तासाभरात बोटभरही उतरले नाही. त्यावरून आराखडा बदलण्यात आला आणि तळाशी छिद्रांचा 110 मिमीचा पीव्हीसी पाइप टाकून गाळलेले पाणी सावकाश पावसाळी चेंबरकडे नेण्याचे ठरले. इमारतीच्या पायाकडील बाजूला पाणी न झिरपणारे अस्तर घातले. जी कंपनी ही चाचणी न करता ‘सगळे पाणी जमिनीत जाईल’ असे सांगते, तिचे दरपत्रक पुढे वाचण्याची गरज नाही.

पट्टीचा छेद असा आहे: तळाला खडी व तिच्यात पाइप, त्यावर बारीक खडीचा पातळ थर, त्यावर 60 सेंमी माती. माती म्हणजे बागेतील लाल माती नव्हे. दोन भाग जाडसर धुतलेली वाळू आणि एका भागात माती व मुरलेले कंपोस्ट असे ते मिश्रण आहे, आणि ट्रक आल्यावर सुपरवायझरने मुठीत ओले मिश्रण दाबून गोळा होतो का ते आमच्यासमोर पाहिले. शेणखत जास्त घाला, झाडे जोमाने वाढतील, असा आग्रह आमच्या सभासदांनी धरला होता. तो कंपनीने नाकारला, कारण जास्तीचे खत पावसाबरोबर वाहून शेवटी खाडीतच जाते. दोन थरांमध्ये कापड न घालता बारीक खडी वापरण्याचा निर्णयही योग्यच होता, कारण असे कापड चिखलाने तुंबले की संपूर्ण पट्टी उकरावी लागते. पाइपच्या वरच्या टोकाला झाकणाची उभी नळी काढली आहे. तिच्यातून पाण्याचा जोर सोडून पाइप साफ करता येतो. असे न दिसणारे काम ज्याने नीट केले, त्याने पैसे प्रामाणिकपणे खर्च केले असे समजायला हरकत नाही.

सर्वांत चोख काम मात्र पाणी आत शिरण्याच्या जागेचे आहे. कर्बस्टोनमध्ये (कडेच्या उभ्या दगडांत) 45 सेंमी रुंदीची खाच ठेवली असून खाचेनंतर तळ एकदम पाच सेंमी खाली जातो. हा छोटा टप्पा नसता तर पहिल्या आठवड्यातच गुलमोहराची पाने आणि गुटख्याच्या पुड्या तोंडाशी अडकून पाणी पुन्हा फाटकाकडे वळले असते. टप्प्याखाली बसवलेल्या दगडांवर पाणी आपटून मंद होते, त्यामुळे माती उकरली जात नाही. पहिल्या जोरदार सरीत मी छत्री घेऊन तेथे उभा राहिलो होतो. फाटकातून येणारा गढूळ लोंढा जाळीच्या नालीत पडला, गाळकुंडीत थांबला, आणि मग खाचेतून वळून पट्टीत पसरला. थांब्यावरच्या एका काकूंनी कुंपणावरून डोकावून विचारले, “हे डबकं तुम्ही मुद्दाम केलंय का?” मुद्दामच केले होते. दुपारपर्यंत वरचे पाणी ओसरले होते.

आता हिशेब. आमच्याकडे पट्टीत येणारे पाणी सुमारे 600 चौरस मीटर क्षेत्रावरचे आहे. पट्टीवर 15 सेंमी पाणी साचू शकते, म्हणजे 6,000 लिटर. मातीच्या पोकळ्यांत चतुर्थांश जागा धरली तर आणखी 6,000 लिटर. एकूण 12,000 लिटर म्हणजे त्या क्षेत्रावर पडणारा 20 मिमी पाऊस. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने पावसाचे पाणी जागीच अडवण्यासाठी 2011 पासून राबवलेल्या योजनेत सुरुवातीचा एक इंच, म्हणजे सुमारे 25 मिमी पाऊस अडवण्याचे माप धरले आहे, त्यामुळे कागदावर आपण फार मागे नाही. फरक पावसात आहे. मुंबईतील जुनी गटारे तासाला 25 मिमी पाऊस धरून बांधली होती आणि 1993 च्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी गटारांवरील अहवालाने ती क्षमता 50 मिमीवर नेण्याची शिफारस केली. त्या 50 मिमीच्या गतीने पाऊस कोसळला तर आमची पट्टी अर्ध्या तासाच्या आत भरते आणि पुढचे सर्व पाणी उभ्या ओव्हरफ्लोमधून (जादा पाण्याच्या नळीतून) चेंबरमध्ये जाते. कंपनीच्या माहितीपत्रकातील ‘पूरमुक्त परिसर’ हे शब्द म्हणूनच मला खटकले. ऑगस्टमध्ये भरतीच्या वेळी झालेल्या मुसळधार पावसात थांब्यासमोरचा रस्ता नेहमीसारखाच भरला. तो आमच्या फाटकातील पाण्याने भरलेला नव्हता, एवढेच. उलट रोजच्या सरींत थांबा कोरडा राहिला. पावसाळ्यातील बहुतेक दिवस अशा साध्या सरींचेच असतात, आणि नोकरीला निघालेल्या माणसाला त्याच दिवसांचे मोल असते.

कुंपणाबाहेरचा फुटपाथही भविष्यात असाच करता येईल, म्हणून महापालिकेकडे मांडण्यासाठी एक आराखडा कंपनीने दरपत्रकासोबत जोडला होता. तो मात्र सुमार होता. थांब्याच्या पूर्ण लांबीत, कर्बला चिकटून, झाडांची खोलगट पट्टी दाखवली होती. बसच्या पुढच्या आणि मागच्या दारातून उतरणाऱ्या माणसाने पाय कोठे ठेवायचा? अमेरिकेतील पोर्टलंड शहरात 2005 मध्ये साउथवेस्ट 12व्या अॅव्हेन्यूवर रस्त्याकडेला अशाच पट्ट्या केल्या, तेव्हा गाडीतून उतरणाऱ्यांसाठी कर्बलगत सुमारे मीटरभर रुंदीची फरसबंदी सोडली होती आणि मधूनमधून आडव्या वाटाही ठेवल्या होत्या. आराखड्यातील पट्टीचे रूप तसेच होते, माणसांची ही वाट मात्र गाळली होती. शिवाय थांब्यासमोरील रस्त्यावर सच्छिद्र पेव्हर दाखवले होते. जेथे जड बस रोज त्याच जागी ब्रेक लावून थांबते तेथे पेव्हर सरकतात, खचतात. तेथे काँक्रीटचा भक्कम पट्टाच हवा. पट्टी थांब्याच्या आधी, चढणीच्या बाजूला असावी, म्हणजे वाहत येणारे पाणी प्रवाशांपर्यंत पोहोचण्याआधीच ते वळवता येते, आणि झुडपे गुडघ्याच्या वर जाऊ नयेत, म्हणजे थांब्यावर उभे असलेले माणूस चालकाला दुरून दिसते. हे मुद्दे लेखी कळवल्यावर सुधारित आराखडा आला, तो ठीक आहे.

झाडांबद्दल थोडक्यात. वाळा आणि कर्दळ यांनी पाणी व नंतरचे ऊन दोन्ही सोसले. लव्हाळ्यासारखी गवते आपोआपच आली. नर्सरीच्या आवडीने आलेली रंगीत पानांची शोभिवंत रोपे मात्र जुलै संपेपर्यंत कुजली, आणि ती बदलून देताना कंपनीने पुन्हा तीच देऊ केली.

सच्छिद्र पेव्हरचा अनुभव निराशाजनक आहे. शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासाचे काम चालू असून त्याची सिमेंटमिश्रित धूळ सतत उडते. ती ब्लॉकच्या फटींत बसली आणि पावसाळ्याच्या मध्यापर्यंत त्या भागातील पाणी साध्या पेव्हरसारखेच वाहू लागले. असे ब्लॉक व्हॅक्युमने साफ करावे लागतात, हे विक्रीच्या वेळी कोणी बोलले नाही. नुसत्या झाडूने धूळ आणखी आत जाते. ज्या परिसरात बांधकामे चालू आहेत, म्हणजे सध्याच्या नवी मुंबईत जवळपास सर्वत्र, तेथे हा खर्च टाळून तेवढ्याच पैशांत पट्टी वाढवावी, असे माझे मत आहे.

डासांची भीती सर्वसाधारण सभेत सर्वांत जास्त बोलली गेली. पट्टीत पाणी काही तासांत ओसरते आणि डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठवडाभर लागतो, त्यामुळे ती भीती पट्टीपुरती निराधार आहे. अळ्या सापडल्या त्या गाळकुंडीत. कुंडीचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा खोल ठेवणे गाळासाठी बरोबरच आहे, पण सरी थांबल्यावर तेथे उरलेले पाणी निचरण्यासाठी तळाला बारीक छिद्रे आणि खाली खडी द्यायला हवी होती. ती राहिली. तक्रार केल्यावर हे काम देखभाल करारात येत नसल्याचे उत्तर आले, आणि आमचा वाद नेमका येथे आहे: करारात ‘बागेची देखभाल’ म्हणजे छाटणी, खुरपणी आणि खत एवढेच लिहिले आहे. गाळ काढणे, खाच मोकळी ठेवणे, ओव्हरफ्लोची जाळी साफ करणे यांचा उल्लेखही नाही. सध्या ही कामे आमचे माळीकाका मोठ्या सरीनंतर स्वतःच करतात आणि त्यासाठी सोसायटी त्यांना वेगळे पैसे देते.

दर नेहमीच्या बागकामाच्या साधारण अडीचपट पडला, आणि रेन गार्डनपुरता तो रास्त वाटतो. फाटकाच्या दुसऱ्या बाजूचे काम याच कंपनीला देण्याचा समितीचा विचार आहे. त्यासाठी गाळकुंडीची दुरुस्ती आधी विनामूल्य करावी, मे महिन्यात आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला गाळ काढण्याचे कलम करारात घालावे, आणि मेलेल्या रोपांच्या जागी वाळा व कर्दळच लावावी, असे पत्र पाठवले आहे.