पापडाच्या डब्यात लेन्स: आंबोलीच्या पावसात दोन मोसम वापरलेला सरंजाम

पावसाळ्यात आपल्या घरात मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात. कॅमेऱ्याची लेन्सही सादळते, फक्त ते डोळ्यांना उशिरा दिसतं. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेऊन दिलेली माझी 100 मिमीची मॅक्रो लेन्स (छोटे जीव अगदी जवळून टिपणारी) मी चांगल्या जाड फोमच्या बॅगेत घालून कपाटात ठेवली होती. दिवाळीत काढून टॉर्चच्या उजेडात धरली, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे. बुरशी. लेन्स उघडून साफ करून घेतली, पण बुरशीनं काचेवरचा लेप खाल्ला होता, तो डाग कायमचा. त्या दिवशी मला फार रडू आलं.

म्हणून ज्या साध्या सरंजामानं नंतरचे दोन पावसाळे निभावले, त्याबद्दल लिहिते आहे. दहा लिटरचा, चारही बाजूंनी कड्या असलेला आणि झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला स्वयंपाकघरातला प्लास्टिक डबा, 450 रुपये. अर्धा किलो केशरी सिलिका जेल, म्हणजे हवेतली ओल पिणारे दाणे. आणि काडेपेटीएवढा डिजिटल आर्द्रतामापक. सगळं मिळून हजाराच्या आत.

मी गडहिंग्लजची. आमच्या गावाजवळून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, त्यामुळे जून उजाडला की पाय तिकडेच वळतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जागा. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावरच्या डबक्यांशी आंबोली टोड नावाचे बेडूक जमतात. 2009 साली शास्त्रीय वर्णन झालेला हा अंगठ्याएवढा जीव नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. रात्री पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना मलबारच्या उडत्या बेडकाची फेसाची घरटी लटकतात. हे टिपायचं तर कॅमेरा धुक्यात न्यावाच लागतो.

मुक्कामाच्या खोलीत मापकावर 92 टक्के आर्द्रता. डबा बंद केला तेव्हा आत 84, तासाभरात 58, सकाळी उठून पाहिलं तर 44. मला हवं ते हेच. 40 ते 50 च्या दरम्यान काचही सुरक्षित आणि रबर, वंगणही. साठच्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशीला रान मोकळं.

मापकावर मात्र आंधळा विश्वास नको. एका झाकणात मीठ घेऊन त्यात थेंबथेंब पाणी घालून ओलसर चिखल करायचा, मापकासकट बंद पिशवीत आठ-दहा तास ठेवायचं. आतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. माझा मापक 70 दाखवत होता, म्हणून प्रत्येक आकड्यात मी पाच मिळवते (वरचे आकडे मिळवूनच दिलेत).

जेल मी जुन्या मलमलीच्या दोन पिशव्यांत शिवलं, 250-250 ग्रॅम. केशरी दाणे ओल पिऊन हिरवे होतात, पण पिशवीतून रंग नीट कळत नाही. त्यापेक्षा वजन बरं: पिशवी 290 च्या पुढे गेली की तापवायची वेळ झाली. आंबोलीत हे चौथ्या-पाचव्या दिवशी होतं. घरी ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास. मुक्कामी काकूंनी एक जुनी कढई कायमची देऊन टाकली, त्यात दाणे मोकळे करून मंद आचेवर हलवत राहते, ती कढई परत स्वयंपाकाला वापरायची नाही. निळे दाणे घेऊ नका, त्यांच्यातलं कोबाल्ट क्लोराइड विषारी असतं. आणि तांदूळ तर नकोच. तो ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची पिठी बटणांच्या फटीत बसते.

या डब्याला एक गोष्ट जमत नाही: ओला कॅमेरा वाळवणं. आधी सुती कापडानं टिपायचं, बॅटरी काढायची, पंख्याखाली अर्धा तास ठेवायचं, मगच आत. पट्टा आणि फोमची बॅग बाहेरच, ते ओल साठवतात आणि जेलची ताकद खातात. एसी गाडीतून उतरतानाही घाई नको. गार काचेवर दमट हवा आली की लगेच दव धरतं. कॅमेरा गाडीतच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास ती उघडायची नाही. पहिल्या वर्षी एवढा धीर मला नव्हता, आणि डोळ्यांसमोर असलेला टोड धूसरच आला.

घरी चार-पाच लेन्स असतील तर विजेवर चालणारं कोरडं कपाट घ्या, तापवातापवीचा व्याप वाचतो. पण ते पाठीवर घेऊन आंबोलीला जाता येत नाही, आणि तिथे वीज जाते तेव्हा रात्र-रात्र जाते. प्रवासाला डबाच.

एक तक्रार आहे. दुसऱ्या पावसाळ्यात एका कडीचं प्लास्टिक तडकलं आणि सकाळचा आकडा 44 वरून 61 वर गेला. रबरबँड लावून तो दौरा काढला. आता निघण्याआधी रिंग पुसते, त्या कडेला कागदाची पट्टी ठेवून झाकण लावते आणि ओढून पाहते. पट्टी सहज निघाली तर डबा बदलायचा. बाबांची लेन्स, त्या डागासकट, अजून त्यातच असते, आणि दर रविवारी मी टॉर्च घेऊन तिच्यात बघते.